रिकामी पिशवी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पायाची जखम चिघळली, विष रक्तात भिनलं आणि ब्लडप्रेशर कोसळलं. मल्लेश्वरममधल्या एका हॉस्पिटलात त्यांना आयसीयूत ठेवलं. प्रेशर टिकवायला सलाइनमधून डोपामिन चालू होतं.

काका रोज आत जाऊन त्यांना बघून यायचे. काकांना स्वच्छतेचं वेड. आमच्याकडे चहाचा कप ते आधी उजेडात धरून बघायचे, मगच तोंडाला लावायचे. आयसीयूतही त्यांनी खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं. बाहेर येऊन खुशीत म्हणाले, "प्रेशर एकदम सरी आहे, अगदी ठीक. आणि सिस्टर काय स्वच्छ ठेवते अण्णांना! लघवीची पिशवी बघावी तेव्हा रिकामी. भरली की लगेच ओतून टाकते." दुसऱ्या दिवशी त्या सिस्टरला मोगऱ्याचा गजराही नेऊन दिला.

मी डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "पिशवी कुणी ओतलेली नाही. लघवी होतच नाहीये. औषधानं प्रेशर चढलं, पण किडन्या गेल्या."

अण्णाही गेले. तेराव्याला काका पंगतीत सांगत होते, "हॉस्पिटल मात्र लख्ख हं!" मी लाडू वाढत होतो. माझं डोकंच फिरलं. त्यांच्या पानासमोर थांबलो आणि ती पिशवी रिकामी का होती, ते सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

मग आग्रह करून त्यांना दुसरा लाडू वाढला.