आरसे झाकलेलं घर

नोकरीतल्या बऱ्याच केसेस फाईल बंद झाली तशा मनातूनही गेल्या. ही एक गेली नाही, कारण तिच्यातली पहिली चूक माझी होती.

न्यू जर्सीतल्या एका गावात मी पोलीस डिटेक्टिव्ह होतो. शाळेत असताना वडिलांबरोबर नागपूरहून इथे आलो, इथेच शिकलो आणि पोलिसात गेलो. खात्यात मराठी बोलणारा मी एकटाच. त्यामुळे आसपासच्या मराठी घरांत काही झालं की लोक आधी मला फोन करायचे. २००५ च्या हिवाळ्यात, एका गुरुवारी दुपारी, असाच एका बाईंचा फोन आला. नवरा कामासाठी पुण्याला गेलेला, घरात त्या, तेरा वर्षांची मुलगी आणि सहा महिन्यांचं बाळ.

"काका, ही चार दिवस धड जेवत नाहीये," त्या म्हणाल्या. "मैत्रिणींबरोबर कुठलातरी जपानी भुताचा पिक्चर बघितला, दुसरा पार्ट. त्यातला गेम खेळल्या म्हणे तिघी. कागदावर एबीसीडी लिहायची, नाण्यावर बोटं ठेवायची, मग भूत येऊन नाणं फिरवतं. ज्याचं नाव येईल तो मरतो."

"आणि हिचं नाव आलं?"

"हो ना. तेही घरचं, चिमी. शाळेत ते कुणालाच माहीत नाही, म्हणून ती जास्तच घाबरलीये."

चिमी हे नाव मी इथे बदलून लिहिलं आहे. मी हसलो. डीव्हीडी परत करून टाका, दोन दिवसांत विसरेल, असं सांगून फोन ठेवला. त्या बाईंनी खरा धागा माझ्या हातात दिला होता. मी तो डायरीतसुद्धा टिपला नाही.

शनिवारी सकाळी नऊ वाजता वायरलेसवर त्याच घराचा पत्ता आला. मुलगी बेपत्ता.

मी पोचलो तेव्हा गणवेशातला एक सहकारी दारात उभा होता. बाई बाळाला खांद्यावर घेऊन हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होत्या. रडत नव्हत्या, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटली. मी नियमाप्रमाणे घर बघायला घेतलं. बाथरूमचा आरसा टॉवेलने झाकलेला. बेडरूममधल्या आरशावर ओढणी, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी. टीव्हीवर चादर. पट्टी एकसारखी कापून लावली होती. घाईत पळून जाणारं माणूस असं करत नाही.

उशीवर वहीचं पान होतं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी: "आई, आज आरसे उघडू नको. बाळाला माझ्या रूममध्ये आणू नको. सॉरी."

ठाण्याला कळवलं. रेल्वे स्टेशन, मॉल, लायब्ररी, सगळीकडे तिचं वर्णन गेलं. बाहेर बर्फ साचलेला होता आणि तापमान शून्याच्या खाली. ती फक्त जाकीट घालून गेली होती, हातमोजे टेबलावरच राहिले होते. माझ्या लेफ्टनंटचं मत होतं की पोरगी एखाद्या मित्राबरोबर गेली असेल. मला ते आरसे स्वस्थ बसू देत नव्हते.

मी बाईंना विचारलं, "चिमी हे नाव माहीत असलेलं बाकीच्या दोघींत कोण?"

"हिची मैत्रीण. दोन गल्ल्या सोडून राहतात, मराठीच आहेत. येते ना आमच्याकडे जेवायला, तेव्हा मी हिला चिमीच म्हणते."

खेळातली तिसरी मुलगी अमेरिकन होती, तिच्या घराच्या तळघरात तो खेळ झाला होता. तिच्याकडे मी सहकाऱ्याला पाठवलं आणि स्वतः त्या मैत्रिणीकडे गेलो.

अल्पवयीन मुलीची चौकशी आईवडिलांसमोरच करावी लागते. वडिलांनी दारातच ऐकवलं, "माझी मुलगी असल्या भानगडीत नसते." अशा वेळी वाद घालायचा नसतो. मी बूट काढले, पाणी मागितलं आणि मुलीसमोर जमिनीवर बसलो. उंचावरून विचारलेल्या प्रश्नाला मुलं "आय डोन्ट नो" म्हणून मोकळी होतात.

नाणं कोणी ढकललं, हे मी विचारलंच नाही. म्हणालो, "मला तो गेम माहीत नाही. रूल्स सांग."

ती आधी चाचरत, मग भराभर बोलू लागली. पहिल्या भागात ज्याचं नाव येतं तो एकटाच मरतो. दुसऱ्या भागात त्या दिवशी त्याच्याबरोबर एका छताखाली असणारे सगळेच मरतात. भूत आरशातून येतं. जिथे आरसा नाही, काच नाही, तिथे सूर्य मावळेपर्यंत लपलं तर कदाचित वाचता येतं.

वडील काहीतरी बोलणार होते, मी हातानेच थांबवलं.

"आणि दिवस कुठला आला होता?"

"सॅटरडे." तिचा चेहरा पडला. "काका, नाव मी लिहिलं. मीच पुश केलं. ती हल्ली माझ्याशी बोलायचीच नाही, त्या दुसरीबरोबरच असायची. तिला थोडं घाबरवायचं होतं, बस. पण सॅटरडे मी नाही लिहिलं. आय स्वेअर. नाणं आपोआप फिरलं. म्हणून मी कुणाला सांगितलं नाही."

तेवढ्यात सहकाऱ्याचा फोन आला. तिसऱ्या मुलीने रडत कबुली दिली होती. नाव आलं तेव्हा ती दचकली, मग गंमत म्हणून नाणं तिने 'सॅटरडे'च्या अक्षरांवर फिरवलं. म्हणजे दोघींनी अर्धं अर्धं खोटं लिहिलं होतं, आणि उरलेलं अर्धं भुताने लिहिलं असं प्रत्येकीला मनापासून वाटत होतं. दोघी घाबरून गप्प बसल्या, आणि त्या गप्प बसण्यामुळे चिमीची खात्री पटली.

"आरसा नाही, काच नाही, अशी जागा कुठे आहे इथे?" मी विचारलं. "तुम्ही दोघी फिरायला कुठे जायचात?"

ती म्हणाली, "शाळेच्या मागे नवीन घरं बांधतायत. आत काहीच नाहीये, नुसत्या भिंती. खिडक्यांना प्लॅस्टिक लावलंय."

त्या बांधकामातल्या तिसऱ्या घराच्या वरच्या मजल्यावर, कपाटासाठी सोडलेल्या कोनाड्यात ती सापडली. गुडघे पोटाशी, ओठ निळे पडलेले. मला बघून ती किंचाळली नाही. दात वाजत असतानाही नीट म्हणाली, "काका, आत येऊ नका. प्लीज. तुम्ही पण एकाच छताखाली याल."

भूत नसतं, हे तिला सांगून उपयोग नव्हता. ते तिला तिच्या आईने इतके दिवस सांगितलं होतं. मी मैत्रिणीच्या घरी फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकून तिच्या दिशेने धरला.

"चिमी, मी बोलतेय. नाव मी लिहिलं. आय अॅम सो सॉरी."

 कोनाड्यातून प्रश्न आला, "आणि सॅटरडे?"

"तो तिने. तिने पोलिसांना सांगितलंय."

"शप्पथ?"

"आईशप्पथ."

तेव्हा कुठे तिने हात पुढे केला. मी माझा कोट तिच्याभोवती गुंडाळला आणि तिला उचलून खाली आणलं. डॉक्टर म्हणाले, आणखी तासाभराने बोटं गमावली असती.

दोन्ही मुलींवर गुन्हा नोंदवला नाही. लेफ्टनंट, शाळेची समुपदेशक आणि तिन्ही घरं एकत्र बसली आणि तसं ठरलं. अहवालात गुरुवारच्या फोनबद्दलचा परिच्छेद मी स्वतः लिहिला. चिमीच्या आईने मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर अनेक भेदरलेल्या माणसांसमोर बसलो, लहान आणि मोठ्याही. त्यांची भीती खरी की खोटी, हे ठरवण्यात मी वेळ घालवला नाही. माणूस वागतो ते त्याला जे खरं वाटतं त्याप्रमाणे, आणि त्याच्यापर्यंत पोचायचं तर तिथूनच जावं लागतं. एवढं मी त्या केसमध्ये शिकलो. पण आठवण म्हणाल तर वेगळीच राहिली आहे. रुग्णवाहिकेत ब्लँकेटखाली थोडी ऊब आल्यावर मी तिला विचारलं, एवढ्या थंडीत एकटीला भीती नाही वाटली?

"वाटली ना," ती म्हणाली. "पण काका, बाळ तर गेम खेळलंच नव्हतं."