गोदावरीच्या बैलाचे दात

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. फोर्टातल्या एका संग्रहालयात रानबैलाची जबड्यासकट कवटी मांडली होती. आपल्या गाईबैलांचा हा नातलग हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला, गोदावरीच्या पात्रात सापडलेला. पाटी मात्र नुसती इंग्रजीत!

लालबागकडचा एक गिरणी कामगार तिथं माझ्या शेजारी वाकून उभा होता. टोपीवर कापसाचे तंतू. बाजारात बैल पारखतात तसे त्यानं काचेतूनच दात मोजले.

“दात जुळलेत, आठीच्या आठी पक्के आलेत. ऐन उमेदीत मेला,” तो म्हणाला. “पाटीवर हाय का हे?”

नव्हतं. मी पाटी मराठीत सांगितली, तसा तो भडकलाच.

“आमच्याच नदीचा बैल, आन् त्याची वळख दुसऱ्याला इचारायची?”

तरातरा तो तिथल्या साहेबाकडे गेला, मी मागोमाग. “मराठीत लिवा की!”

“मराठी पाटी इथं वाचणार कोण?” साहेब अस्सल मराठीत हसला.

“मी आलोय न्हवं?”

साहेबानं त्याला दाराकडे बोट दाखवलं. मोर्चात घसा फुटेस्तोवर ओरडणारा मी शेजारी गप्प उभा होतो.

माझ्याही तोंडात बत्तीस दात होते. काय कामाचे!