‘ठ’चं पोट

"बाबा, हे गोल आहेत, गोल! कर्कटकाने काढावेत तसे! तुम्ही त्यांना पोट कशाला आणलंत?"

"उपाशी दिसत होते."

"अक्षरं आहेत ती, पाहुणे नाहीत!"

पेंटरबाबांनी ब्रश पाठीमागे लपवला, पण निळा थेंब बुटावर पडायचा तो पडलाच. लेक खाली हुक आणायला गेली, तेवढ्यात त्यांनी कारभार उरकला होता. इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये ‘पाठ व मणके’ अशा दोन सारख्या नमुना-पाट्या भिंतीला टेकून होत्या, लेकीने स्वतः घडवलेल्या फॉन्टमधल्या. नुसती वर्तुळं, सरळ रेघा, सगळीकडे एकच जाडी. नखरा म्हणून नाही. त्यातल्या डावीकडच्या पाटीवर बाबांनी ‘ठ’चं पोट केसभर खाली उतरवलं होतं, आणि ‘क’चा गोल दांड्याला चिकटतो तिथे पांढऱ्या रंगाने जराशी कंबर कोरली होती.

"माझा ठ अगदी खालच्या रेघेवर आहे. मोजा!" लेकीने पट्टी नाचवली.

"पट्टीला बरोबर आहे गं. डोळ्याला तरंगतो."

"कुणाच्या डोळ्याला?"

मेख तिथेच होती. चाळीस वर्षं बाबांनी दुकानांच्या पाट्या, शाळांची फाटकं, बसचे नंबर रंगवले. मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि ब्रश फडताळात गेला. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम. पण जगाला सरळ दिसतं तेच आपल्याला वाकडं दिसत असेल, तर उत्तम कसली डोंबलाची? सहा महिने लेकीच्या स्क्रीनवरचे गोल तरंगत होते आणि सहा महिने त्यांनी जीभ चावून धरली होती. आज हात शिवशिवला.

"मेट्रनबाई आल्या पाट्या पसंत करायला!" लेक पुटपुटली. "आता काय सांगू त्यांना?"

"काहीच सांगू नकोस."

कॉरिडॉरच्या पार टोकाला मेट्रनबाई थबकल्या. तिथूनच त्यांचा आवाज आला. "दोन्ही एकच आहेत ना? मग उजवीकडचा ठ असा वर का उचललाय? आणि शेवटच्या अक्षरात रंग साचल्यासारखा दिसतोय. डावीकडची छान आहे. सगळ्या मजल्यांना तशाच पाट्या करा." आणि त्या वॉर्डात शिरल्यासुद्धा.

लेक पट्टी टाकून तिकडे धावली. त्यांच्या जागी उभी राहिली, डोळे बारीक केले.

"अगं बाई. खरंच उचललाय की!"

बाबांनी भिंतीला हात टेकला. नजर शाबूत होती.

लेक परत आली ती कमरेवर हात ठेवूनच. "सहा महिने माझ्या खुर्चीमागे उभं राहून चहा ढोसलात. तेव्हाच का नाही बोललात?"

बाबांनी ब्रश फडक्याला पुसला, खिशात खोचला आणि जिन्याकडे चालू लागले. वाटेतली एकेक जुनी पाटी आधी उजवा डोळा मिटून, मग डावा मिटून बघत.

"बाबा! मी तुम्हाला विचारतेय!"

जिन्याचं दार त्यांच्यामागे हलत राहिलं.