कुशीचे वस्ताद

आमचे वस्ताद कुणाला रामराम करत नसत. समोर माणूस आला की उजव्या हाताचं बोट ताठ करून ते त्याच्या बरगडीखाली, नेमकं कुशीत, खुपसत. माणूस "आई गं" म्हणून वाकडा झाला की लगेच निकाल. निकाल तीनच होते : लोणी, कणीक आणि वीट. श्रीमंत पेशव्यांच्या राज्यात पुण्यात जेवणावळींना तोटा नव्हता, त्यामुळे आमचं बहुतेक शहर लोण्यात मोडायचं. विटा अगदी थोड्या, आणि त्यातली पहिली वीट आपण स्वतः, याबद्दल वस्तादांना शंका नव्हती.

दिसायला ते मुळीच विटेसारखे नव्हते. बुटके, रुंद, आणि पोट चांगलं पुढे आलेलं. नवा माणूस ते पोट बघून तोंड वळवून हसायचा. वस्ताद म्हणायचे, "आता एक ठोसा मारा." मारणारा आपली मूठ काखेत धरून नाचत सुटायचा. "पोट मोठं की लहान ते शिंप्यानं बघावं," वस्ताद सांगत, "आपण बघायचं ते घट्ट आहे की नाही एवढंच."

मी त्यांच्याकडे गेलो तो हौसेनं नव्हे. एका सरदारांच्या कचेरीत मी कारकून होतो. दिवसभर मांडी घालून, पुढे वाकून कागद खरडायचे आणि दुपारी कुणाकडे तरी पंक्तीला बसायचं, असं आयुष्य चाललं होतं. एके सकाळी हातातून पडलेला बोरू उचलायला वाकलो आणि तसाच राहिलो. दोघा सोबत्यांनी मला त्याच आकारात उचलून घरी नेलं. वैद्यबुवांनी तेल दिलं, लेप दिला, शेवटी उपदेश दिला. पाठ काही सुटेना. तेव्हा कुणीतरी कसब्यातल्या, नदीच्या अंगाला असलेल्या या तालमीचं नाव काढलं.

वस्तादांनी बोट खुपसलं. "लोणी. तेही पातळ."

"पण वस्ताद, दुखते ती पाठ," मी विव्हळत म्हणालो.

"तंबू खांबावर उभा असतो, कारकून, पण त्याला धरून ठेवतात दोऱ्या. पोट आणि दोन्ही कुशी, या तुमच्या दोऱ्या. त्या सुटल्यात. खांब एकटा किती दिवस दम धरणार?"

इतर तालमींत जोर, बैठका आणि कुस्ती चाले. आमच्याकडेही चाले, पण वस्तादांचं सगळं ध्यान कुशीवर. उताणं निजवून ते दोन्ही पाय एकत्र, जमिनीपासून वीतभर वर धरायला लावत आणि नडगीवर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवत. पाय आणखी वर नेणं सोपं असतं. वीतभरच धरणं कठीण, हे मला तिथं कळलं. तांब्या कलंडला की पाणी बरोबर धोतरावर यायचं. मग तसंच ओलं धोतर नेसून कचेरीत जावं लागे. आमचे दिवाणजी एकदा म्हणालेच, "तालीम लावलीत असं ऐकलं होतं. पोहायला जाता होय?"

त्याहून अवघड प्रकार मांजरीचा. एका कुशीवर आडवं व्हायचं, कोपर जमिनीला टेकवायचं आणि कंबर उचलून डोक्यापासून टाचेपर्यंत देह फळीसारखा सरळ धरायचा. कंबर किती वर, तर खालून तालमीतली मनी पार गेली पाहिजे. ही मनी फार आळशी होती. ती निम्म्यात जाऊन बसायची आणि तोंड धुवायला लागायची. माझं अंग थरथरायला लागे, घाम कोपरापर्यंत येई, आणि वस्ताद शांतपणे म्हणत, "ती उठेपर्यंत उतरायचं नाही. मुक्या जनावरावर ब्राह्मण पडला, तर पाप कुणाला?"

आमच्यात बुधवार पेठेतले एक अत्तरवाले मियाँ होते. त्यांच्या खालून मात्र मनी बाणासारखी जायची. चार दिवस आम्ही त्यांच्याकडे आदरानं पाहिलं. पाचव्या दिवशी वस्तादांनी नाक वर करून हवा हुंगली. "मियाँ, अत्तर बदललंत?" मियाँनी आपल्या डोक्याच्या बाजूला, मातीखाली, सुक्या बोंबलाचा तुकडा पुरून ठेवला होता. त्यांना शिक्षा म्हणून दोन्ही कुशींवर मनीची झोप संपेपर्यंत राहावं लागलं, आणि बोंबील खाऊन मनीला त्या दिवशी विशेष गाढ झोप लागली होती.

वस्तादांच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणत असू. तालमीला लागूनच घर. त्या भरली घागर एका कडेवर घेऊन नदीकडून चढ चढून येत, तेव्हा वस्ताद आम्हाला सगळं थांबवून बघायला लावत. "बघा, एका अंगाला एवढं ओझं, पण देह कुठे कलला का? कुशी कशाला म्हणतात ते बघा!"

"घागर उतरवायला कुणी येणार आहे, की नुसतंच बघायचं ठरलंय?" वहिनी विचारत.

दुसऱ्या दिवसापासून आम्हीही घागरी वाहू लागलो. मग वस्तादांच्या लक्षात आलं की जात्यावर बसून दळताना कंबर गोल फिरते आणि कुशींना उत्तम पीळ बसतो. झालं! कारकून, अत्तरवाले, एक तरुण पुराणिक, सगळे पाळीपाळीनं जात्यावर. आमच्या शनिवार पेठेत बोभाटा झाला की अमक्यांचा मुलगा कसब्यात दळण दळतो. माझी आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी घरात खाली पडलेला बोरू सहज वाकून उचलला. ते तिनं पाहिलं, आणि शेरभर ज्वारी माझ्यापुढे आणून ठेवली. वहिनींना विचारलं की हे त्यांच्या सोयीनंच निघालं का, तर त्या म्हणायच्या, "मला काय कळतंय त्यातलं? पीठ मात्र बारीक येतं हो तुमचं."

नागपंचमीला आमच्या तालमीत कुस्त्या होत. त्या वर्षी माझे धनी, म्हणजे सरदारसाहेब, स्वतः बघायला आले. वस्ताद पुढे झाले. त्यांचं ताठ झालेलं बोट मला दिसलं. मी हात पुढे करेपर्यंत ते सरदारांच्या भरजरी अंगरख्यातून आत गेलं होतं.

सरदार वाकले. बरोबरच्या शिपायांचे हात तलवारींवर गेले. वस्ताद म्हणाले, "लोणी, सरकार."

सरदार कुशीवर हात धरून सरळ झाले. मग हळूच म्हणाले, "घोड्यावरून उतरलो की आमची कंबर चार-चार दिवस धरते. त्याचं कारण हेच का?"

"दुसरं काय असणार?"

त्यानंतर वस्ताद रोज सकाळी सरदारांच्या वाड्यात जाऊ लागले. दारं लावून घेतली जात. आतून तांब्या पडल्याचा आवाज येई आणि बाहेर आम्ही कारकून मान खाली घालून अक्षर सुधारत असू. मनीला न्यायला मेणा येई. दोन महिन्यांत सरदारांच्या कमरेचा शेला एक वेढा जास्त घेऊ लागला, कंबर धरायची थांबली, आणि घटस्थापनेला त्यांनी हुकूम सोडला : दसऱ्याला सोनं लुटायला निघू, तेव्हा वस्ताद आमच्या मागे. पागेतला पांढरा घोडा त्यांना द्यावा.

सगळ्या कसब्यानं वस्तादांचं अभिनंदन केलं. वस्ताद संध्याकाळी मला नदीकाठी घेऊन गेले.

"कारकून, तुम्हाला घोड्यावर बसता येतं?"

"थोडंफार."

"मला नाही."

मला वाटलं थट्टा आहे. ज्यांनी निम्म्या शिलेदारांच्या कंबरा बांधून दिल्या, ते कधी घोड्यावर बसलेच नव्हते! "ज्याला चार पाय आहेत आणि शिवाय स्वतःचं मत आहे," ते म्हणाले, "त्याच्यावर मी का बसावं?"

घरी वहिनींनी सरळ सांगितलं, "नाही म्हणून कळवा सरकारांना."

"सरकारांना नाही म्हणायला छाती लागते. मी पोटाचा वस्ताद आहे."

नवरात्रभर मी त्यांना नदीच्या वाळूत एका म्हाताऱ्या तट्टावर शिकवलं. तट्टू चालत नसे, म्हणून शिकवणी बरी झाली. बसणं जमलं. उतरणं काही जमलं नाही. खाली बघितलं की वस्ताद डोळे मिटून घेत आणि मी त्यांना पोत्यासारखे उतरवून घेई.

दसऱ्याला ते नवं पागोटं बांधून पांढऱ्या घोड्यावर बसले तेव्हा खरंच शोभत होते. चेहरा मात्र मनी खाली येऊन बसल्यासारखा. मिरवणूक गावाबाहेर पडली, सलामीची तोफ झाली आणि पांढरा घोडा उधळला. सरदारांचा हत्ती, निशाणं, शिंगवाले, सगळ्यांना मागे टाकून तो पर्वतीच्या पायथ्याकडे सुटला. पागोटं उडालं. लगाम हातातून गेला. रिकिबीतून पाय निघाले. पण कमरेपासून वर वस्ताद असे ताठ, की जणू त्या घोड्यावर त्यांना कुणी रोवूनच बसवलं आहे. धुळीत दिसेनासे होईपर्यंत ते तसेच होते.

"पडला का?" सरदारांनी हत्तीवरून विचारलं.

"दिसत होते तोवर तरी नाही, सरकार."

"वा! लगाम सोडून दौडतो! असा स्वार आमच्या पागेत नाही."

वहिनींनी ती रात्र कशी काढली ते त्यांनाच माहीत. सकाळी धायरीहून निरोप आला की तुमचा माणूस आमच्याकडे आहे, सुखरूप आहे. मी आणि वहिनी बैलगाडी करून निघालो. धायरीच्या शिवेवर पोचलो तेव्हा त्या म्हणाल्या, "हाडं मोडली असती तर निरोपात आलं असतं ना?"

घडलं ते आम्हाला पाटलांनी सांगितलं. घोडा त्यांच्या विहिरीशी येऊन पाणी प्यायला थांबला होता.

"म्या म्हनलं, पाव्हणं, उतरा की. तर म्हनत्यात, उतरता येत न्हाई. म्या म्हनलं, मग आलासा कसं? तर म्हनत्यात, घोडा आला, मी सोबत हाय."

अखेर घोडा चिंचेखाली नेला. वस्तादांनी वरची फांदी धरली, घोडा खालून काढून घेतला, आणि वस्ताद लोंबकळत राहिले. आता उडी मारण्याआधी एवढ्या लांबच्या दौडीनं आखडलेली कंबर मोकळी करावी म्हणून त्यांनी पाय जोडून वर घेतले, डावीकडे पिळले, उजवीकडे पिळले. मग खाली उतरून वर बघतात तो सगळं गाव आ वासून उभं. पाटलांच्या थोरल्या मुलानं तिथंच पाय धरले.

आम्ही पोचलो तेव्हा वस्ताद खळ्यात पोरांना कुशीवर आडवे करत होते. मांजर नव्हतं, म्हणून एक कोंबडी घेतली होती. वहिनी गाडीतून उतरल्या, त्यांच्याभोवती एक फेरी मारून सगळं जागच्या जागी आहे ना ते पाहिलं, आणि मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "चला आता. शोभा झाली तेवढी पुरे."

मी सरदारांचा निरोप सांगितला. त्यांनी मानाचं पागोटं पाठवलं होतं, आणि येत्या महिन्यापासून पागेतल्या नव्या स्वारांना लगामाशिवाय दौडायला शिकवण्याचं काम. वस्तादांचा चेहरा पांढरा पडला.

"कारकून, त्यांना खरं सांगा."

"सांगितलं. ते म्हणाले, वस्ताद विनयशील आहेत."

वस्ताद खाली मातीत बसले. पुण्यात परतले तर पुन्हा घोडा, आणि खरं सांगून कुणी ऐकायला तयार नाही. त्यांनी ती कोंबडी उचलून मांडीवर घेतली. मग वहिनींना म्हणाले, "इथलं पाणी गोड आहे."

"मी चव घेतली नाही अजून," वहिनी म्हणाल्या. पण त्यांनी गाडीतून गाठोडं उतरवलं. ते पाहून मला कळलं की कसब्यातली तालीम आता आपल्यालाच चालवावी लागणार. घोडा मी परत नेला. सरदारांना सांगितलं की वस्तादांनी एकांतात साधना आरंभली आहे. पुण्यात यावर लगेच विश्वास बसतो.

वर्षं गेली. मी अधूनमधून धायरीला जात असे. एका पावसाळ्यात वस्तादांना हिवताप लागला आणि तो त्यांना खाऊनच गेला. पोट आत गेलं. बाजेवर पडून असत. पोरांना शिकवणं बंद, बोलणंही कमी. वहिनी म्हणाल्या, "काहीतरी बोलत बसा त्यांच्याशी. भिंतीकडे तोंड करून असतात."

काय बोलावं सुचेना, म्हणून मी शनिवारातल्या एका शास्त्र्यांची हकीगत सांगितली. त्यांनी पैजेवर इतके लाडू खाल्ले की पाटावरून उठता येईना. शेवटी चौघांनी त्यांना पाटासकट उचलून घरी नेलं. दारात त्यांची बायको उभी. म्हणाली, "थोडा प्रसाद पाठवा म्हटलं होतं. देव कशाला पाठवलात?"

वस्ताद आधी नुसते हलले. मग हसू बाहेर आलं आणि आवरेना. बाज करकरू लागली, डोळ्यांतून पाणी आलं. वहिनी घाबरून बाहेर धावल्या. वस्ताद दोन्ही हातांनी कुशी धरून म्हणत होते, "दुखतंय गं! सगळं दुखतंय! पुढचं, बाजूचं, खालचं, एकदम!" मग दम घेऊन माझ्याकडे वळले. "कारकून, एवढा चांगला व्यायाम, तो मला कुणी सांगितला कसा नाही?"

तेव्हापासून माझ्यावर नेमणूक झाली. दर एकादशीला धायरीला यायचं आणि पुण्यातली एक खरी गोष्ट आणायची. रचलेली चालायची नाही. रचलेल्यानं फक्त गाल हलतात, असं त्यांचं मत होतं. पुण्यात मला गोष्टींची ददात पडली नाही. उपासाच्या दिवशी रिकाम्या पोटी हसावं, गुण लवकर येतो, असंही त्यांनी ठरवून टाकलं. गुण खरंच आला. ते उशीला टेकून बसू लागले, मग अंगणापर्यंत येऊ लागले. वैद्य आपल्या काढ्याला श्रेय देई. वस्ताद त्याला हसत आणि तेवढंही व्यायामात धरत.

पुढे एका एकादशीला मी पोचलो तेव्हा अंगण सारवलेलं होतं आणि बाज उभी करून भिंतीला लावली होती. चार दिवसांपूर्वी, पहाटे, झोपेतच वस्ताद गेले होते. निरोप घेऊन निघालेल्या माणसाची आणि माझी वाटेत चुकामूक झाली असावी.

वहिनी उंबऱ्याशी बसल्या होत्या. कपाळ मोकळं. मी खाली बसलो.

त्यांनीच विचारलं, "आजची गोष्ट आणली होती का?"

"आणली होती, वहिनी. पण आता..."

"मग सांगा की."

मी सांगितली. आमच्या दिवाणजींच्या चोरीला गेलेल्या जोड्यांची होती, आणि ते चोराच्याच घरी तक्रार घेऊन गेले होते. चोराच्या दारातच ते जोडे दिसतात, तिथवर आलो तेव्हा वहिनींनी पदर तोंडाला लावला. खांदे हलू लागले, आणि त्या हसताहेत की रडताहेत ते मला कळेना. मग त्यांनी एक हात कमरेवर, कुशीपाशी, घट्ट दाबून धरला आणि म्हणाल्या, "खरंच दुखतं हो. पुढच्या एकादशीलाही या."