सौंसरची ‘बहार’

“तू रेडिओले हात नोको लावू वं.”

काकू एवढंच म्हणाल्या. हळू म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं. माझी बोटं बटणापर्यंत गेली होती. रेडिओला झेंडूचा हार होता, कुंकू होतं. मी हात मागे घेतला.

पांढुर्ण्याला राहीभाऊंच्या घरी आमच्या रेडिओ श्रोता संघाचा मेळावा होता. रीत अशी की फर्माइशी गाण्यांची वेळ झाली की मेळाव्याला पहिल्यांदा आलेल्या सभासदानं रेडिओ लावायचा. त्या वर्षी नवी मीच होते.

संघात कुणी आडनाव लावत नसे. कुणी ‘राही’, कुणी ‘परदेसी’. मी ‘बहार’. पोस्टकार्डावर संघातल्या सगळ्यांची नावं टाकून फर्माइश पाठवायची आणि वाट पाहायची. सौंसरात मला मैत्रीण नव्हती. शाळेतल्या पोरी आमच्या मोहल्ल्यात पाय ठेवत नसत. पण रेडिओतली बाई म्हणायची, “पांढुर्णा से राही, मोहगाव से परदेसी, सौंसर से बहार...” मला वाटायचं, हे आपले लोक. राहीभाऊ तर दिवाळीला पत्र लिहायचे, ‘प्यारी बहन’ म्हणून.

मेळाव्यात चहा देताना काकूंनी, म्हणजे राहीभाऊंच्या बायकोनं, सहज विचारलं होतं, “बाबा काय करते वं तुये?”

“लग्नात डफडं वाजवते. पार बोरगावहून बोलावणं येते त्यायले.”

अभिमानानं सांगितलं मी. गाण्याच्या वेड्या लोकांत याचं कौतुक होईल, असं वाटलं. किती खुळी! काकूंनी माझ्यापुढे धरलेला कप परत नेला. राहीभाऊंनी मान खाली घातली. बाकीचे गाण्यांच्या गप्पांत होते, म्हणून मला वाटलं, निभावलं.

रेडिओ मग दुसऱ्यानं लावला. मी उंबऱ्याबाहेर, चपलांजवळ बसले. आतून आवाज आला, “सौंसर से बहार...” खोलीभर लोकांनी ऐकलं. एकानंही माझ्याकडे वळून पाहिलं नाही. मी ओढणीत तोंड खुपसून रडले.

राहीभाऊ बाहेर आले. “वाईट नोको मानू, बहन. तुयं नाव आमी टाकतच राहू. फक्त इथं येत नोको जाऊ.”

नाव हवं होतं. मी नको होते.

“काढून टाका माहं नाव,” मी म्हणाले. “माह्या बापाच्या डफड्यावर नाचता तुमी. तवा विटाळ होत नाही?”

मी बसस्टँडवर चालत गेले.

घरी पोचले तर बाबा दारातच उभे. तोंडभर हसत म्हणाले, “तुयं नाव आलं वं रेडिओत! साऱ्या मोहल्ल्यानं आयकलं.” त्यांना काय सांगणार होते मी?

दुसऱ्या दिवशी रेडिओला पोस्टकार्ड लिहिलं. माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव, मोहल्ला. सगळं. ते वाचलं गेलं नाही. पुन्हा लिहिलं. तेही नाही. मी लिहीतच राहिले.

आता हाक मारायची असेल, तर पूर्ण नावानं मारा. अर्ध्या नावाला मी ओ देणार नाही.