दिराने सांगितलेला ब्राझील

माझा धाकटा दीर ब्राझीलहून परत आला तेव्हा सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत बसलं. मी नाही. माझ्या मनात पहिल्या दिवसापासून पाल चुकचुकत होती.

झालं होतं असं. साठ सालानंतरची गोष्ट. तापीकाठच्या आमच्या घरी एक गीर वळू होता. आई मेलेलं वासरू ते, मीच बोटं चोखायला देऊन दूध पाजलं आणि वाढवलं. मग एक दलाल आला. ब्राझीलच्या बड्या शेतकऱ्यांना म्हणे आपली वशिंडाची गुरं पैदाशीला हवी होती. सासऱ्यांनी वळू देऊन टाकला. मी घर डोक्यावर घेतलं, पण सुनेचं ऐकतो कोण! जहाजावर गुरांची निगा राखायला माणूस लागणार होता, म्हणून दीर सोबत निघाला. जाताना मला म्हणाला, "भाभी, त्याले तिकडला गोठामा बांधीसनच येसू."

सव्वा वर्षाने आला तो मनगटावर चकचकीत घड्याळ बांधून. आता सांगा, संशय येणार नाही तर काय? तिकडचे लोक गाय-बैल खातात हे शाळेच्या गुरुजींनी मला आधीच सांगितलं होतं. माझ्या वळूला याने कसायाच्या दारात नेऊन उभं केलं, आणि त्याचंच हे घड्याळ, अशी माझी खात्री झाली.

संध्याकाळी ओट्यावर माणसं जमली की याच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. तिकडची माती कुंकवासारखी लाल. हिरव्या टेकड्या एकीमागून एक, नजर थकते पण टेकड्या संपत नाहीत. दोन कोसांवरून ऐकू येणारा धबधबा. आणि प्रवास? बस चिखलात रुतली की सगळ्यांनी उतरून ढकलायची, अंगाखांद्यावर लाल राड. नदीवर पूल नाही, तर अख्खी बस तराफ्यावर चढवायची. जेवायला भात, घेवड्यासारखे काळे दाणे आणि कसल्याशा कंदाचं पीठ. मांस खात नाही हे सांगायला भाषा नव्हती, म्हणून महिनाभर केळ्यांवर काढला म्हणे. वर आणखी, आषाढात थंडी आणि पौषात उकाडा!

"थापाड्या!" मी आतून ओरडले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, बरोबर आहे, पृथ्वीच्या त्या बाजूला ऋतू उलटेच असतात.

झालं, माझा संशय दुप्पट झाला. देश खरा होता तर! मग हा लपवतोय काय? कारण टेकड्यांवर तासभर बोलणारा हा बाबा, वळूचं विचारलं की एवढंच म्हणायचा, "मजामा शे, भाभी." आणि लगेच विषय बदलायचा.

पोळ्याच्या दिवशी बैल धुऊन झाले आणि आम्ही दोघंच गोठ्यात होतो. मी गोडीगुलाबीने विचारलं, "तिकडे पोळ्याला त्याची शिंगं रंगवलीस का रे?"

"रंगवली ना."

"दोन्ही?"

"दोन्ही."

सापडला! लहानपणी डाव्या शिंगाला मार बसल्यापासून त्या वळूने तिथे कुणाचा हात लागू दिला नव्हता. माझासुद्धा नाही. "खोटारड्या," मी म्हटलं, "कुठल्या कसायाला विकलास माझा वळू? डावं शिंग रंगवू देईल तो?"

दीर रंगाची वाटी घेऊन पुढच्या बैलाकडे वळला.

"दिलं भाभी, रंगवू दिलं," तो म्हणाला. "मान झटकायची ताकदच नव्हती त्याच्यात."

पोळा जाताना जहाजावरच आला होता. वळूने आठ दिवस चारा सोडला होता. दीर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला, आणि दुसऱ्या दिवशी खलाशांनी त्याला समुद्रात सोडलं. उरलेली गुरं घेऊन दीर पुढे गेला. त्यांच्या मालकाने दिलेलं ते घड्याळ.

मला रडू यायला हवं होतं, पण आधी रागच आला. "मग आल्या आल्या सांगायला काय झालं होतं तुला?"

"तेच सांगणार होतो. सगळ्या वाटेत घोकत आलो होतो. पण तू दारातच हसत विचारलंस, माझा वळू पोचला ना रे नीट?" त्याने वाटी खाली ठेवली. "तुन्हं तोंड देखं अन् मन्हा तोंडमाइन 'हां' निंघी गयं."