मध्ये आलेला आवाज

गाद्या शिवणाऱ्या म्हातारीची भाषा बोलणारं आता दुसरं कोणी उरलं नव्हतं. तीन वर्षांची नात तेवढी मांडीवर बसून त्या भाषेत चुरुचुरु बोलायची. पण तिला कोण जमेस धरतंय!

भाषा वाचवायला परदेशातून मंडळी आली. रेकॉर्डिंगसाठी त्यांनी खिडक्या लावून घेतल्या, शिलाई मशीन बंद ठेवायला लावलं, भिंतींना गाद्या टेकवल्या. नात सारखी मध्ये बोलते म्हणून सुनेनं तिला आत्याकडे धाडलं. चार महिने म्हातारीनं घसा कोरडा पडेपर्यंत एकेक शब्द सांगितला.

काम उरकलं तशी नात परत आली. म्हातारीनं हात पसरून आपल्या भाषेत विचारलं, "भूक लागली का गं?"

पोर आईच्या मागे लपली. "आई, आजी काय म्हणते?" तिनं शहरातल्या भाषेत विचारलं.

बाजूलाच त्या मंडळींतले साहेब पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग तपासत बसले होते. त्यातही म्हातारी नेमकं हेच विचारत होती, आणि एक चिमुकला आवाज तिच्याच भाषेत ठणकावून सांगत होता, "हो, खूप!"

"पोरीचा आवाज आलाय मध्ये," साहेब म्हणाले. "काढून टाकतो."

"मेल्या, माझा काढ," म्हातारी कडाडली. "तो राहू दे."